खिसा : शब्द आणि वस्तु

जुन्या दप्तरांतील कागद चाळणाऱ्यास शेला, तिवट, किनखाप, महमुदी, पागोटें हीं वस्त्रांचीं नांवें पदोपदीं भेटतात. कोणास किती वस्त्रें दिलीं, त्यांची किंमत काय धरली, कोणत्या निमित्तानें दिलीं, हें कारकून बारकाईनें टिपून ठेवतो. परंतु तीं वस्त्रें अंगावर घालून दरबाराबाहेर पडलेल्या मनुष्यानें आपले पैसे, किल्ली, सुपारी किंवा हातीं आलेली चिठ्ठी ठेविली कोठें, हें लिहिण्याचें त्यास कारणच नव्हतें. रोजच्या वहिवाटींतील वस्तूंचें असेंच होतें. जें सर्वांस ठाऊक तें कोणी लिहून ठेवीत नाहीं. म्हणून खिशाचा इतिहास शोधावयाचा तर सनदा व याद्या यांपेक्षां भाषेकडे, दंडविधानाकडे आणि कापडाच्या जुन्या तुकड्यांकडे वळावें लागतें. यांपैकीं पहिलीं दोन साधनें टिकून आहेत. तिसरें आपल्या डोळ्यांदेखत, आणि कांहीं अंशीं आपल्याच हातून, नष्ट होत आहे. प्रस्तुत लेख लिहिण्यास तेंच कारण झालें.

प्रथम शब्द पाहूं. 'खिसा' हा अरबी 'कीस', फारसी 'कीसा' यावरून आला. मूळ अर्थ पिशवी, थैली. गुजरातींतील 'खिस्सुं' व हिंदींतील 'खीसा' हीं त्याचींच भावंडें. गोमंतकांत खिशास 'बोल्स' म्हणतात. तो पोर्तुगीज 'बोल्सो', आणि त्याचें मूळ लॅटिन 'बुर्सा' म्हणजे चामड्याची पिशवी. इंग्रजी 'पॉकेट' याचा धात्वर्थ लहान पोतें. फ्रेंच 'पोश' व जर्मन 'टाशे' यांचा अर्थहि पिशवीच. इतक्या दूरदूरच्या भाषांनीं एकाच वस्तूचें नामकरण एकाच रीतीनें करावें, याचा अर्थ उघड आहे. खिसा ही मूळचीच कपड्याची अंगभूत वस्तु नव्हे. ती दोरीनें कमरेस लटकणारी पिशवी होती, आणि पुढें केव्हां तरी शिंप्यानें ती दोरी सोडून तिच्या जागीं टांका घातला. आल्प्स पर्वताच्या बर्फांत १९९१ सालीं सांपडलेल्या सुमारें ५,३०० वर्षांपूर्वीच्या मनुष्याच्या कमरपट्ट्यास कातड्याची लहान थैली शिवलेली होती, व तींत गारेचीं हत्यारें, हाडाची आरी व विस्तव पेटविण्याची बुरशी होती. तेव्हां कल्पना नवी नव्हे. ती कोठें केव्हां रुजली, एवढाच प्रश्न.

याला एक अपवाद आहे, तो म्हणजे हिंदुस्थानींत रूढ असलेला 'जेब'. अरबी 'जैब' म्हणजे कपड्याचा गळ्याजवळचा उघडा भाग, व त्यावरून उर. उराशीं वस्तु खोंचून ठेवण्याच्या चालीवरून त्यास खिसा हा अर्थ आला. या शब्दाचा एक प्रवास गणिताच्या अभ्यासकांस परिचित आहे, तरी तो येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आपल्या ज्योतिषांतील 'जीवा' ही संज्ञा अरबी ग्रंथांत 'जीब' अशी उतरली. अरबी लेखनांत ऱ्हस्व स्वर बहुधा गाळतात, म्हणून पुढें ती 'जैब' अशी वाचली गेली. आणि बाराव्या शतकांतील लॅटिन भाषांतरकारांनीं तिचें 'सायनस' म्हणजे उर, वस्त्राची घडी, असें रूपांतर केलें. आज शाळेंतील मुलें त्रिकोणमितींत 'साइन' म्हणतात तें हेंच. रोमन लोक अंगावर पांघरलेल्या टोगाच्या छातीवरील ज्या घडींत वस्तु ठेवीत, त्या घडीचेंहि नांव सायनसच होतें. म्हणजे आपल्या जीवेच्या गळ्यांत परदेशीं जाऊन खिसा पडला तो असा.

टोगाची घडी आपणांस परकी वाटूं नये. मराठींत कपड्यांच्या शब्दांचीं दोन घराणीं आहेत. जामा, पायजमा, अस्तनी, अस्तर, कमरबंद, खिसा हे शब्द फारसीच्या द्वारें आले. हे सर्व शिवलेल्या पोशाखाचे. धोतर, पदर, निरी, कासोटा, ओचा, ओटी, कनवटी, गांठ हे देशी. हे सर्व नेसलेल्या वस्त्राचे. यावरून शिवणकलाच आपणांकडे बाहेरून आली असें अनुमान कोणी काढतात, तें मात्र टिकण्यासारखें नाहीं. सुई, दोरा, शिवण हे शब्द देशी आहेत. चोळी ही संस्कृत 'चोल' शब्दावरून आली आहे. आणि तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेव महाराज जातीनें शिंपी होते. शिवणें होतेंच. पैसा जवळ बाळगण्याचें काम मात्र त्या शिवणीकडे नव्हतें. तें नेसण्याच्या घडीकडे व गांठीकडे होतें.

म्हणी व वाक्प्रचार हे या बाबतींत दस्तऐवजाइतकेच विश्वसनीय साक्षी आहेत. स्वतःचे पैसे खर्चणें म्हणजे 'पदरमोड'. नुकसान सोसणें म्हणजे 'पदराला खार लागणें'. संग्रहीं धन असणें म्हणजे 'गांठीला असणें'. आणि हातचा पैसा 'कनवटीला' असतो. यांत खिसा कोठेंच नाहीं. 'खिशाला चाट', 'खिशांत टाकणें' हे प्रयोग पुढच्या काळचे, व त्यांचें वळणहि निराळें. कनवटी म्हणजे धोतराच्या अगर लुगड्याच्या कमरेजवळच्या कांठांत नाणें ठेवून त्याला पीळ देऊन आंत खोंचलेली घडी. तींत टांका नाहीं, बंद नाहीं. अंगाचा दाब हेंच तिचें कुलूप. ओच्याचें काम मोठें. शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया पुढें कापडाची ओटी बांधून तींत बोंडांतला कापूस टाकतात, तो याच वर्गांतला हंगामी खिसा होय. शिवलेल्या पोशाखानेंहि एक साक्ष ठेविली आहे. 'अस्तनींतला निखारा' असें आपण दगाबाज सोबत्यास म्हणतों. उर्दूंत निखाऱ्याच्या जागीं साप असतो. अस्तनींत कांहीं ठेवण्याची चाल नसती तर हें रूपक सुचतेंना.

आतां दंडविधान. चोराचें नांव त्याच्या हत्यारावरून किंवा त्यानें फोडलेल्या कुलुपावरून पडतें, आणि म्हणून तें इतिहासास फार उपयोगी असतें. आमच्या धर्मशास्त्रांत अंगावरील पैसा चोरणाऱ्याचें नांव 'ग्रंथिभेद', म्हणजे गांठ तोडणारा. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत त्यास पहिल्या अपराधाबद्दल बोटें छाटण्याची शिक्षा अगर ५४ पण दंड सांगितला आहे; पुढच्या अपराधांस ती वाढत जाऊन चौथ्यास वध. मनुस्मृतींत नवव्या अध्यायांत पहिल्या वेळीं बोटें, दुसऱ्या वेळीं हातपाय व तिसऱ्या वेळीं प्राण असा क्रम आहे. तेथें दंड भरून सुटण्याची सोय नाहीं. याज्ञवल्क्यानेंहि हा अपराधी सांगितला आहे, आणि त्यावरील मिताक्षरा या प्रश्नाचा जवळजवळ निकालच लावते. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६ ते ११२६) आश्रयास असलेला विज्ञानेश्वर ग्रंथिभेदाचा अर्थ सांगतांना म्हणतो कीं, वस्त्रादिकांत बांधलेलें सुवर्ण वगैरे गांठ सोडून अगर कापून जो हरण करतो तो. म्हणजे दख्खनांतील एका पंडिताच्या डोळ्यांसमोर अंगावरील सोनें म्हणजे वस्त्राच्या गांठींतील सोनें, हेंच चित्र सहजगत्या उभें राहत होतें. टीकाकार मूळ ग्रंथापेक्षां आपल्या भोंवतालचें जग अधिक सांगतो, हा अनुभव अभ्यासकांस नवा नाहीं.

इंग्लंडांत हाच फेरबदल चोराच्या नांवांत दिसून येतो. तेथील जुना शब्द 'कटपर्स', म्हणजे लोंबती थैली कापणारा. १५६५ सालच्या एलिझाबेथ राणीच्या कायद्यांत अशा चोरांस पाद्रीपणाची सवलत सांगून फांशी टाळण्याची मुभा काढून घेतली. ती कडक तरतूद १८०८ सालीं सर सॅम्युएल रोमिली याच्या प्रयत्नानें रद्द झाली. मध्यंतरीं सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'पिकपॉकेट' हा नवा शब्द निघाला. थैली कापण्यास चाकू लागतो, खिशांतून काढण्यास बोटें पुरतात. चोराचें कसब बदललें कारण शिंप्याचें बदललें. आपला 'खिसेकापू' मात्र नांवानें नवा व कृतीनें जुना राहिला. खिसा आला तरी कापणें सुटलें नाहीं.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे. महाराष्ट्रांतील शिंप्यास कपड्याला कप्पा लावण्याची विद्याच अवगत नव्हती काय? घरोघरच्या हातशिलाईच्या पिशव्या याचें उत्तर देतात. पडशी घ्या. लांब कापडाचीं दोन्ही टोकें मध्याकडे दुमडून कडांना शिवण घातली कीं पडशी झाली. ती खांद्यावर टाकली म्हणजे पुढें एक व मागें एक असे दोन खिसे लोंबतात, आणि मध्यें कापड अखंड असल्यानें भार खांद्यावर पडतो, शिवणीवर पडत नाहीं. बटव्याच्या तोंडांतून दोन दोऱ्या उलटसुलट ओंवलेल्या असतात. त्या दोहोंकडे ओढल्या कीं तोंड मिटतें. आंत कप्पे असतात, आणि त्यांतच आजीबाईंचीं घरगुती औषधें राहत.

परंतु सर्वांत कौशल्याची चंची. पान, सुपारी, कात, तंबाखू व चुन्याची डबी या पांच वस्तूंचे स्वभाव एकमेकांशीं जुळत नाहींत. पान ओलें, तंबाखू कोरडी, चुना कापड खातो म्हणून तो डबींत घालूनच ठेवावा लागतो, सुपारी जड. म्हणून लांबट कापडास अस्तर देऊन त्यावर निरनिराळ्या मापाचे कप्पे शिवावयाचे, त्यांचीं तोंडें दुमडून पक्कीं करावयाचीं, आणि सगळी चंची गुंडाळून दोरीनें आंवळावयाची, म्हणजे प्रत्येक कप्प्याचें तोंड शेजारच्या घडीनें आपोआप दाबलें जातें. कप्प्याचें तोंड व कोपरे हींच फाटण्याचीं ठिकाणें. तेथें शिवणारी बाई दुहेरी टांका घालते. खिसा शिवण्याची म्हणून जी विद्या आज शिंपी शिकतो, ती सारी या वीतभर कापडांत आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालची. तींत चंची, कसा, बटवा, पडशी हे शब्द एकाच भाषेच्या अंगणांत सुखानें नांदतांना दिसतात. विद्या होती, तिचा उपयोग अंगावरील कपड्यास करण्याची गरज भासली नव्हती.

गरज कां भासली नाहीं, याचीं आम्हांस दोन कारणें दिसतात. पहिलें सोंवळ्याचें. पूजेस व जेवणास शिवलेलें वस्त्र चालत नसे. दिवसांतून दोनदां जो कपडा उतरवून खुंटीस टांगावयाचा, त्यांत किल्ल्या व पैसे ठेवणें शहाणपणाचें नव्हे. कमरेचा कसा किंवा कनवटी हीच त्यापेक्षां बरी. हें कारण अर्थात् सर्व जातींस सारखें लागू नाहीं, व म्हणून त्यावर फार भर देऊं नये.

दुसरें कारण वजनाचें, आणि तें सर्वांस लागू आहे. १८३५ सालच्या कायद्यानें कंपनीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा ठरला. ८० तोळ्यांचा शेर. तेव्हां शंभर रुपये म्हणजे सव्वा शेर चांदी. तांब्याचा पैसा १०० ग्रेनांचा. एका रुपयाचे ६४ पैसे मोडून घेतले तर साडेपस्तीस तोळ्यांचा ऐवज झाला. मलमलीच्या अंगरख्यास बाजूला कप्पा लावून त्यांत हा भार टाकला, तर शिवण उसवेल किंवा अंगरखा एकीकडे ओढला जाईल. बंदांनीं बांधलेला सैल कपडा भार सोसत नाहीं. भार सोसते ती कंबर. म्हणून शेला, कमरबंद व कसा. कसा म्हणजे अरुंद लांब थैली; ती कमरेभोंवतीं गुंडाळली कीं नाणीं सभोंवार पसरतात आणि कोठेंच फुगवटा दिसत नाहीं. व्यापाऱ्यानें प्रवासांत दुसरें काय करावें?

या दोन पोशाखांची एकाच चौकटींत गांठ पडलेली पाहावयाची असेल तर सर चार्ल्स मॅलेट यानें १७९० सालीं पेशव्यांच्या दरबारांत तह केला त्या प्रसंगाचें टॉमस डॅनियलचें चित्र पाहावें. तें सध्यां लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. एकीकडे तंग कोटांतले इंग्रज, दुसरीकडे जामे व शेले ल्यालेले मराठे मुत्सद्दी. मात्र या चित्राचा पुरावा बेतानेंच वापरावा. तें १८०५ सालीं पुरें झालें, डॅनियल त्या दरबारास हजर नव्हता, आणि पुण्यांत राहून ज्यानें रेखाटनें केलीं तो जेम्स वेल्स १७९५ सालींच वारला होता. कपड्याच्या बारकाव्यासाठीं वेल्सनें स्वतः काढलेलें, सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें चित्र अधिक भरंवशाचें.

कोट आला म्हणून खिसा आला, असें सामान्यतः म्हटलें जातें. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. कोट अंगावर आला तरी खिशास काम लागतें तें हलक्या वस्तूंमुळें, आणि त्या वस्तु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एकामागून एक आल्या. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली व तिच्याबरोबर तिकीट आलें. १८६१ च्या कायद्यानें सरकारी कागदी चलन आलें, आणि सव्वा शेर चांदीचा ऐवज चार घड्यांच्या कागदांत मावूं लागला. मग घड्याळ, पत्राचें पाकीट, शिसपेन्सिल. महायुद्धांत चांदीचा तुटवडा पडून १९१७ सालीं एक रुपयाचीहि नोट निघाली, तेव्हां तर गरीबाच्या बंडीस छातीवर चोरखिसा लावण्यास सबळ कारण मिळालें. तो आंतल्या बाजूस, डावीकडे, उजवा हात सहज पोंचेल असा. वरून पाहणाऱ्यास फक्त शिवणीची चौकट दिसते. नाण्याचें युग गांठीचें, कागदाचें युग खिशाचें, असा ठोकळ भेद करण्यास प्रत्यवाय नसावा.

स्त्रियांच्या वस्त्रांत हा पालट पोंचला नाहीं. चोळीला खिसा नाहीं, लुगड्याला तो असण्याचा संभव नाहीं. कनवटी व कमरेस खोंचलेला बटवा हींच त्यांचीं साधनें राहिलीं. आपणांकडील स्त्रिया मागासलेल्या म्हणून असें झालें, असें समजणारांनीं इंग्लंडाकडे पाहावें. तेथें पुरुषांच्या विजारीस व कोटास खिसे शिवले जाऊं लागल्यावरहि सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत बायका सुट्या पिशव्यांची जोडी नाडीनें कमरेस बांधीत, त्यावर घागरा नेसत, आणि घागऱ्याच्या बाजूस ठेविलेल्या फटींतून हात घालीत. त्या सुट्या पिशवीसच त्या 'पॉकेट' म्हणत. या पिशव्यांवर बार्बरा बर्मन व आरियान फेनेटो या दोन विदुषींनीं २०१९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. संग्रहालयांतील जीर्ण पिशव्यांचे टांके व ठिगळें, आणि न्यायालयांतील चोरीच्या खटल्यांत नोंदलेल्या पिशवींतील वस्तूंच्या याद्या, यांची त्यांनीं सांगड घातली. आपणांकडे तंटे-खटल्यांचे मोडी कागद विपुल आहेत. त्यांतील चोरीच्या फिर्यादी या दृष्टीनें वाचण्यासारख्या आहेत : माल कोणता गेला एवढेंच न पाहतां, तो अंगावर कोठें होता म्हणून फिर्यादी सांगतो, तेंहि टिपून घ्यावें.

दुसरें साधन संग्राहकांच्या घरांतच आहे. पिशवी व कागद यांचें नातें आपल्या भाषेनें फार लक्षपूर्वक जपलें आहे. 'खलिता' हा अरबी 'खरीता' होय, अर्थ पिशवी. राजेरजवाड्यांचीं पत्रें प्रथम मलमलीच्या व नंतर किनखापाच्या पिशवींत घालून, तोंड दोरीनें आंवळून, दोरीस लाखेची मोहोर लोंबती ठेवून पाठवीत. पुढें पिशवीचें नांव पत्रासच पडलें. 'दप्तर' याच्या उलट गेलें : मूळ अर्थ वही, नंतर वह्या गुंडाळण्याचें फडकें, आणि शेवटीं मुलांच्या पाठीवरची पिशवी. 'पाकीट' म्हणजे कागदांचें पुडकें. आज तें लखोट्याचें नांव आहे आणि पैशाच्या घडीचेंहि. रुमाल म्हणजे तोंड पुसण्याचें वस्त्र, परंतु पुण्याच्या पेशवे दप्तरांत तो कागदांच्या गठ्ठ्याचें मापच होऊन बसला आहे.

असें असतां आपण करतों काय? खलित्यांतील पत्र काढून घेतों, त्याची नक्कल करतों, छापतों; आणि पिशवी जीर्ण, कसरीनें खाल्लेली म्हणून टाकून देतों. किनखापाची असली तर ती जरीच्या व्यापाऱ्याकडे जाते, मलमलीची असली तर चुलींत. बासनें व रुमाल बदलून नवे घालण्यास हरकत नाहीं, परंतु जुन्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. घरोघरच्या चंच्या, पडशा, बंड्या यांची तर गोष्टच नको. पुण्याचे कै. दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, कुलुपें अशा रोजच्या वस्तु आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून त्या आज पाहावयास मिळतात. कापडाच्या वाट्यास असे आश्रयदाते क्वचितच आले, आणि कापड लोखंडासारखें वाट पाहत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, पत्र पिशवीसह मिळालें तर दोहोंस एकच क्रमांक द्यावा. पिशवीची लांबीरुंदी, तोंडाची रुंदी, अस्तर आहे कीं नाहीं, शिवण हाताची कीं यंत्राची, कोपऱ्यास दुहेरी टांका आहे काय, दोरी कशाची, हें पत्राच्या वर्णनाखालीं दोन ओळींत लिहावें. पिशवी नसली तर पत्राच्या घड्या मोजाव्या. खलित्यांत गेलेलें पत्र आणि कमरेस खोंचून नेलेली चिठ्ठी यांच्या घडीची रुंदी, कांठांचा मळ व झीज सारखी असण्याचें कारण नाहीं. आणि कागद सपाट करून चिकटविण्यापूर्वींच हें पाहतां येतें, मागाहून नाहीं. बाडें व गुटके यांनाहि हीच कसोटी लावावी. लहान गुटक्याचे कोपरे गोलावलेले असले, तर तो देव्हाऱ्यांत नव्हे, कोणाच्या तरी झोळींत किंवा पडशींत फिरला असण्याचा संभव अधिक. त्याच्या आकाराचा कप्पा असलेली पडशी त्याच घरांत माळ्यावर पडली असेल, तर तीहि मागून घ्यावी.